अंजूच्या घरी पाहुणे

दिवाळी सरली की सावळदऱ्यात माणसं थोडी आणि कुलपं फार. नांदूरघाटच्या पलीकडचं हे गाव ऊसतोडीला निघालं की मागं उरतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि सरपंचाचा वाढता कुटुंबकबिला. नेमका त्याच दिवसांत ज्वारीला हुरडा येतो. सरपंचाच्या रविराजनं हे बरोबर हेरलं. पुण्याच्या लोकांना हुरडा खायचाय, मातीच्या घरात झोपायचंय, आणि आपल्याकडं घरं नुसती धूळ खात पडलीत! पोरगं हुशार, बोलायला तर त्याहून. फोन करकरून त्यानं मालकांची परवानगी मिळवली, संडास बांधले, दारोदार कंदील टांगले. घोडं अडलं ते एकट्या वत्सलाबाईपाशी.

वत्सलाबाईची अंजू गावातच दिलेली. गेल्या साली उसानं भरलेली ट्रॉली उलटली आणि अंजू तिच्याखाली गेली. तिकडंच अग्नी दिला. आईला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. जावई रामेश्वर पुन्हा गावात फिरकला नाही. अंजूनं जाताना दिलेली किल्ली वत्सलाबाईच्या कमरेलाच राहिली आणि तेव्हापासून ती झोपायला लेकीच्याच घरी. स्वतःच्या खोपटात फक्त दिवसा.

कारण होतं चूल. तोडीला निघताना इथली बाई चूल सारवते आणि ओल्या सारवणावर आपला पंजा उमटवून जाते. परत आली की त्याच हातानं तो सारवून टाकते, मगच जाळ करते. तोवर त्या चुलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आईनंसुद्धा नाही. अंजूचा पंजा तसाच होता, करंगळी जराशी वाकडी. वत्सलाबाई रोज त्याच्याशेजारी अंग टाकायची. येडी म्हणा हवं तर, गाव म्हणतच होतं. तिला एवढंच वाटायचं, पोरगी परक्या मुलखात अडकलीय, कधीतरी वाट काढत येईल. आली तर घरात आपलं माणूस पाहिजे.

"काकू, एका रातीचं काम हाय," रविराज उंबऱ्यावर टेकत म्हणाला. "दरीकडं तोंड असलेलं हे एकच घर. रामेश्वर हो म्हणलाय."

"न्हाई बाबा. अन् मी कुठं झोपू?"

"तुमच्या घरी. पाहुण्यांना अवघडल्यावानी व्हतंय. त्यांना सांगितलंय, घर रिकामं हाय, कुणी राहत न्हाई."

"मी राहते की रे!"

रविराज हळूच म्हणाला, "काकू, हे जमलं तर पुढच्या साली आपल्या लेकीसुनांना ट्रॉलीवर चढायची येळ येणार न्हाई. इथंच राहतील, इथंच कमावतील. तुमी कावून नको म्हणता?"

मेल्यानं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. शेजारच्या उत्तरेश्वरची सून पोटुशी असून तोडीला गेली होती, ते वत्सलाबाईनं याच डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं कमरेची किल्ली सोडली. "चुलीला कुणाला हात लावू देऊ नको, एवढं कर," म्हणाली. रविराजनं गळ्याची शपथ घेतली.

पाहुण्या आल्या. स्वप्नाली आणि तिची मैत्रीण, दोघी हसऱ्या, गोड. शेतात आगटी पेटली, हुरडा झाला, वत्सलाबाईच्या भाकरीचं लई कौतुक झालं. खोपटात मात्र तिचा डोळ्याला डोळा लागेना. पहाटे कुठं जरा झोप लागली.

जाग आली ती धुराच्या वासानं. बाहेर येऊन बघते तर अंजूच्या घरातून धूर निघतोय! "पेटवली गं बाई, पेटवली!" पदर खोचून ती निघाली. रविराज वाटेत भेटला, त्याचाही उद्धार झाला. तो बिचारा मागं पळत सुटला.

आत स्वप्नाली कप धरून बसली होती. चुलीवर चहाचं भगुनं. वत्सलाबाईनं शिवी द्यायला तोंड उघडलं आणि तिची नजर चुलीवर गेली. चूल ताजी सारवलेली होती. ओल्या शेणामातीची वाफ निघत होती. पंजा नव्हता.

"ही... ही कुणी सारवली?"

"मावशी, तुमच्यातल्याच कुणी ना? उजाडायच्या आत एक ताई आल्या. फारसं बोलल्या नाहीत. सारवलं, जाळ केला, चहा ठेवला. आम्हाला म्हणाल्या, 'बसा, घ्या.' फोटो काढू का विचारलं तर तोंड फिरवून लाजल्या."

"मी कुणाला धाडलं न्हाई," रविराज दारातून पुटपुटला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

वत्सलाबाई चुलीपाशी बसली. "तिची करंगळी गं..."

"वाकडी होती थोडी. कप देताना दिसली. तुम्ही ओळखता त्यांना?"

म्हातारीला रडू फुटेना. वर्षभर जिच्यासाठी दार राखलं ती आली होती, चूल पेटवून परक्यांना चहा पाजून गेली होती. "माझं काय विचारलं का तिनं?" तिनं कसंबसं विचारलं.

"हो, जाताना विचारलं. 'माय कुठं हाय?' म्हणाल्या."

"मग?"

स्वप्नालीनं रविराजकडं पाहिलं. "आम्हाला सांगितलं होतं तेच सांगितलं, मावशी. इथं कुणी राहत नाही म्हटलं. त्या 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या."