साडेचार किलोंची होते मी

मी रायफल बोलतेय. दचकू नका, पोटात गोळी नाही. तिरोलच्या डोंगरातल्या एका घरात, कुलुपाच्या कपाटात उभी आहे. माझ्या दस्त्यावर कानशीचे ओरखडे दिसतील. त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

जन्मले तेव्हा मी साडेचार किलोंची होते. अक्रोडाचं लाकूड, जाड पोलादी नळी, वर बाटलीएवढी दुर्बीण. त्याचा मला केवढा तोरा! माझा पहिला धनी रेड्यासारखा दणकट. मला खांद्यावर टाकून तो शिट्टी वाजवत कडे चढायचा. मरताना मला आणि सगळं शिकारीचं रान त्याने लेकीच्या, बुर्गीच्या हवाली केलं. धाकट्या मुलाला, रोमेदला नाही. ते रोमेदला अजून खुपतं.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात बुर्गी बर्फावर घसरली आणि तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यातच पुढच्या शरदात वरच्या कड्याखाली एक गाम्स दिसला. गाम्स म्हणजे आमच्याकडची आकड्या शिंगांची रानबकरी. या बोकडाला खरूज झाली होती. बर्फ पडलं की कळप एकत्र दाटीने राहतो, मग एकापायी सगळा कळप जातो. त्याला आधीच पाडायला हवं होतं.

रोमेद म्हणाला, "ताई, हट्ट सोड. बंदूक दे, मी जातो. आणि रानही माझ्याकडे दे. तुझ्या गुडघ्यासाठी डोंगर काही खाली बसणार नाही."

"बोकड मीच पाडणार," बुर्गी म्हणाली. "नाही चढले, तर रान तुझं. जा!"

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन निघाली आणि अर्ध्या वाटेवरच्या झऱ्यापाशी मटकन बसली. तिचा खांदा माझ्या पट्ट्याने सोलला होता. माझ्याच ओझ्याने ती बसली! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच मी ठरवलं, अंगातलं काय लागेल ते जाऊ दे, पण ही वर गेलीच पाहिजे.

खालच्या गावात बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा कासियान आहे. मला हलकी करायला बुर्गी त्याच्याकडे घेऊन गेली. त्याने माझी नळी वीतभर कापली, दस्ता आतून पोखरला, कोरीव लाकूड कानशीने घासलं. दुर्बीण काढून मुठीत मावेल अशी लहानशी बसवली. दुखलं का? दुखलं की! पण मी हूं की चूं केलं नाही.

मग त्याने बुर्गीची पाठपिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला. "अगं बये! मी इथे चिमूटचिमूट लाकूड खरवडतोय, आणि तू अख्खं स्वयंपाकघर घेऊन निघालीस? बिडाचा तवा कशाला?"

"अंडी गार खाऊ होय?" बुर्गी फणकारली. पण तवा घरी राहिला.

आता मी तीन किलोंची झाले. पण नेमबाजीच्या मैदानात गेलो, तर गोळ्या चहूकडे! कासियान म्हणाला, "हलकी बंदूक म्हणजे अवखळ शिंगरू. छाती धडधडली तरी हलते. वजन पुन्हा घालू?"

"घाल, आणि बसव मला झऱ्यापाशी," बुर्गी म्हणाली.

ती निघाली. मागून रोमेद, तोंडाचा पट्टा चालूच. झरा आला, गेला. बुर्गी दातओठ खात, काठी टेकत, थांबत, पण चढली. वर बोकड खडकाला अंग घासत उभा होता, बिचाऱ्याच्या मानेवर केस उरले नव्हते. तिने पिशवी दगडावर ठेवून मला वर टेकवलं. ती धापा टाकत होती आणि मी थरथरत होते.

"आण इकडे," रोमेद कुजबुजला.

बुर्गीने पिशवीतून लोकरीचा जादा मोजा काढला. त्यात मूठमूठ दगड भरले, तोंड बांधलं आणि तो माझ्या पट्ट्याच्या पुढच्या कडीला लटकावला. मी गप्प बसले, थेट जुन्या दिवसांसारखी.

"वजन इथे काय कमी आहे?" ती म्हणाली. "खालून कशाला वाहायचं?"

एकच गोळी झाडली. बोकड जागेवर बसला आणि पुन्हा उठला नाही.

रोमेद बहिणीसोबत बोकडापाशी गेला. मग त्याने खुरट्या पाइनची डहाळी मोडली. एक तुकडा रीतीप्रमाणे बोकडाच्या तोंडात दिला, त्याचा शेवटचा घास. दुसरा आपल्या टोपीवर ठेवून बहिणीपुढे धरला. शिकार करणाऱ्याला सोबत्याने द्यायचा मान तो.

"ताई, रान तुझंच."

"ते होतंच," बुर्गी डोळे पुसत म्हणाली. "आता बोकड उचल. माझा गुडघा दुखतोय."

त्या संध्याकाळी उतरताना मोजा रिकामा होता. दगड डोंगराचे, डोंगरावरच राहिले.

आता पुन्हा शरद आलाय. रात्री बुर्गी गुडघा चोळते, कपाटाकडे बघते आणि मान फिरवते. मला ती नजर कळते. बाई गं, मला या कपाटात शोभेला ठेवू नकोस. दस्त्यात अजून पावशेर लाकूड आहे. कानस आण.