एकदाच टक

मी एका काचवाल्याची पिकअप. वय सतरा. सध्या दुकानाच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून उभी आहे. मी कशी बिघडले हे दोन वाक्यांत सांगून होईल. मला सांगायचंय ते माझ्यापायी एका माणसाचं काय झालं ते.

मी नवी आले तेव्हा मालकांनी माझ्या हौद्यात लाकडी घोडा बसवून घेतला, दोन्ही बाजूंना काचा टेकवता येतील असा तिरका. मालकीणबाईंनी त्यावर जुन्या सतरंजीचे तुकडे ठोकले. खिडक्यांच्या काचा, दुकानांच्या दर्शनी काचा, आरसे, सगळं मी वाहिलं. आरसे असले की सिग्नलला माणसं माझ्याकडे बघून केस सारखे करायची. खड्डा आला की मालक माझ्यापेक्षा काचांना जपायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझ्यावर चरा पडलेला चालतो, काचेवर नाही.

माझी दुरुस्ती पहिल्यापासून एकाच मिस्त्रींकडे. त्यांना सगळे कानसेन म्हणायचे. गाडी आली की बॉनेट न उघडता ते डोळे मिटून उभे राहायचे. "पट्टा सैल झालाय," म्हणायचे, किंवा "तिसऱ्या सिलिंडरचं काहीतरी आहे." मग उघडून बघावं तर तेच निघायचं. लांबलांबची माणसं त्यांच्याकडे नुसतं ऐकवायला गाड्या आणत.

एका सकाळी माझ्यात शाळेच्या बारा खिडक्यांच्या काचा चढवल्या होत्या. मालकांनी चावी फिरवली. माझ्यातून टक असा आवाज आला आणि पुढे काही नाही. पुन्हा चावी, पुन्हा टक.

मिस्त्री आले. डोळे मिटून उभे राहिले. "बॅटरी बसलीय," म्हणाले. नवी बॅटरी घातली. टक. "मग स्टार्टर गेला असणार." माझ्याखाली आडवं होऊन त्यांनी स्टार्टर काढला, गॅरेजात नेऊन तपासला. तिथे तो भिंगरीसारखा फिरला. परत बसवला. टक. तोवर दुपार झाली होती. शाळेतून तीनदा फोन येऊन गेला होता आणि मालक येरझाऱ्या घालत होते.

चावीवर मालकीणबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, टक एकदाच वाजतंय. बॅटरी उतरली की टकटकटक वाजतं, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"आता फिरवली का चावी?" मिस्त्रींनी विचारलं.

"तीनदा फिरवली. तीनदा वाजलं."

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिले. हात पुसून झाले तरी पुसतच होते. मग म्हणाले, "वहिनी, माझे कान गेलेत. वर्ष होत आलं. बोलणं ओठांवरून ओळखतो. कुणाला सांगितलं नाही."

मालक येरझाऱ्या घालायचे थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याने मला इतकी वर्षं चालती ठेवली, त्याला मीच उघडं पाडलं होतं.

"बरं, मी सांगते, तुम्ही विचारा," मालकीणबाई म्हणाल्या.

"चावी फिरवल्यावर दिवे मंद होतात?"

"नाही. आहेत तसेच."

"म्हणजे बॅटरी चांगली. स्टार्टर तर बघितलाच. वीज वाटेत कुठेतरी अडतेय." ते पुन्हा माझ्याखाली शिरले. इंजिनापासून चासीपर्यंत तारांची एक चपटी पट्टी असते, अर्थिंगची; वीज तिच्यातून परत बॅटरीकडे जाते. वरून धड दिसणारी माझी पट्टी आतून हिरवी पडून कुजली होती. मिस्त्रींनी जाड केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या अंगाला लावलं. "फिरवा."

मी एका दमात सुरू झाले. मिस्त्री सवयीने डोळे मिटून उभे राहिले, आणि लगेच त्यांनी ते उघडले.

"कसा येतोय आवाज?"

"नेहमीसारखा," मालकीणबाई म्हणाल्या. माझा पट्टा तेव्हा चांगलाच कुरकुरत होता.

नवी पट्टी बसवून निघताना मिस्त्री म्हणाले, "एवढं आपल्यातच राहू द्या." मालकांनी मान डोलावली.

शाळेत पोचायला संध्याकाळ झाली. उशिराबद्दल सगळ्यांदेखत बोलणी बसली, तेव्हा मालक म्हणाले, "काय करणार, आमचे कानसेनच बहिरे झालेत." सगळे हसले. मालकही हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बोलणं असं होतं की ज्याने ऐकलं त्याला दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवेना.

दोन महिन्यांत ते गावभर झालं. मिस्त्रींच्या दारातल्या गाड्या कमी होत गेल्या. एक दिवस मालकीणबाईंनी माझ्यात बसल्या बसल्या विचारलं, "तुम्ही सांगितलंत?"

"गमतीत बोलून गेलो गं."

त्या उतरल्या आणि चालत घरी गेल्या. त्यानंतर माझ्या शेजारच्या सीटवर त्या कधी बसल्या नाहीत. वर्ष सरायच्या आत गॅरेज बंद झालं.

पुढे मी पुन्हा अडले. नव्या गॅरेजवाल्याने मला मशीन जोडलं, मशीनला काही कळेना. "जुनी झालीय, काढून टाका," तो म्हणाला. तेव्हा मालक मिस्त्रींच्या घरी गेले. मिस्त्री दारात आले. मालकांनी हातवारे करून सांगितलं. मिस्त्रींनी सगळं बघून घेतलं आणि म्हणाले, "कान असलेला माणूस बघा." आवाजात राग नव्हता, असं मालक दुकानात येऊन सांगत होते. राग असता तर बरं झालं असतं, असंही म्हणाले.

मालकांनी दुसरी गाडी घेतली. मी उभी राहिले ती राहिलेच. हौद्यात आता फुटक्या काचांची खोकी असतात.

मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. मागायचं ते वेगळंच आहे. कामात मुरलेल्या एखाद्या माणसाचं काही उणं तुमच्या लक्षात आलं, तर त्याला जरूर सांगा. पण त्यालाच सांगा, आणि तिथेच थांबा.

परवा मिस्त्री समोरच्या रस्त्याने चालले होते. मालक दुकानातून लगबगीने बाहेर आले. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. हाकेचा उपयोग नव्हता. दहा पावलं धावत जाऊन खांद्यावर हात ठेवता आला असता.

मालक माझ्यापाशीच उभे राहिले. मिस्त्री वळणापलीकडे दिसेनासे झाले.