फिरती तोफ

विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भराव्यात त्या मानसिंगनंच. सांगलीच्या आसपासचा कितीतरी ऊस त्याच्या हातच्या मोटारींवर पाणी प्यालेला. पण गेले बारा दिवस दुकानात पाचगणीहून आलेला कपाटाएवढा एक व्हिडिओ खेळ उभा होता, आणि त्यानं मानसिंगला पार रडकुंडीला आणलं होतं.

चाळीस वर्षांचं जुनं यंत्र. नाणं टाकलं की फुगीर काच उजळायची. काळ्याभोर आभाळात ज्वारी उधळावी तशा चांदण्या, मधोमध इवलंसं यान आणि चहूकडून चालून येणारी शत्रूची यानं. आपल्या यानावरची तोफ मात्र गरागरा फिरतच राहायची. बटण दाबून धरायचं, सोडलं की गोळी सुटायची, ती भलतीकडंच. तोफेचं तोंड वर, गोळी उजवीकडं.

"सरळ मारणारी करा, नाहीतर भंगारात," खेळघराचे मालक ऋषिराज यंत्र सोडतानाच म्हणाले होते.

मानसिंगनं सांधे नव्यानं डागले, तारा बदलल्या. तोफ आपली फिरतीच. आज ऋषिराज टेम्पो घेऊन दारात आले, उभ्या उभ्या खेळले आणि एका नाण्यात मिळणारी तिन्ही यानं गमावून बसले.

"हरलात ना मानसिंगभाऊ? चला, उचला. भंगारवाला वाटेवरच आहे."

मानसिंगचा चेहरा उतरला. दुरुस्त न होता त्याच्या दारातून आजवर काही गेलं नव्हतं.

डबा घेऊन आलेली त्याची आई, हरणाबाई, मघापासून काचेकडं टक लावून होती. "हिला मोडकी कोण म्हणालं? आवं, ही तर गोफण हाय!"

"आई, तू गप की."

"तूच गप रं! औंधाला रानातल्या माळ्यावर उभी राहून पाखरांपासनं शाळू राखलाय मी. गोफण पाखराच्या रोखानं आल्यावर सोडलीस तर पाखरू हसतंय तुला. पाव फेरा आदी सोडायची. सर तिकडं."

पदर खोचून ती उभी राहिली. पहिली गोळी हुकली. "हलकी हाय जरा," ती पुटपुटली. मग बोट दाबलं, मान डुलली, बोट सुटलं. एक फुटलं. दुसरं फुटलं. "हुर्र्या!" ती ओरडली, तसा समोरचा चहावालाही किटली घेऊन आत आला.

ऋषिराजांनी भंगारवाल्याला फोन लावला. "नको येऊस रे. भंगारात काही द्यायचं नाही."

मानसिंगला आता उमगलं. यंत्र पहिल्यापासून ठणठणीत होतं. ते ओळखणारी डबा घेऊन रोज दारात येत होती. त्यानं रंगाचा डबा उघडला आणि कपाटाच्या कपाळावर ठसठशीत लिहिलं: 'तोफ फिरती आहे. बिघडलेली नाही. पाव फेरा आधी सोडा.' दुरुस्त केलेल्या वस्तूवर तो आपलं नाव घालायचा. आज खाली लिहिलं, 'हरणाबाई.'

"मावशी, आता गाडीत चढवू?" ऋषिराजांनी हळूच विचारलं.

"थांब रं लेकरा," काचेवरची नजर न काढता ती म्हणाली, "अजून लय पाखरं हायती."