काळ्या वायरीचा जोड

गाडीला साधा ओरखडाही आला नव्हता, हेच त्या घरात कोणाला सहन होत नव्हतं. भर रस्त्यात ती बंद पडली, धाकटा मुलगा उतरून बॉनेटकडे निघाला आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकने त्याला उडवलं. माणूस जागच्या जागी गेला. गाडी मात्र दुसऱ्या गाडीला बांधून घरी आणली, तेव्हा नुकती धुतल्यासारखी चकचकीत होती. तेव्हापासून वर्षभर ती घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती आणि तिकडे जायला नको म्हणून आईने कपडे वाळत घालायची जागासुद्धा बदलली होती.

भंगारातून आणलेली ती गाडी दोघा भावांनी तीन वर्षं खपून उभी केली होती. इंजिन, पत्रा, रंग धाकट्याकडे, वायरिंग थोरल्याकडे. थोरल्याचा धंदाच तो, गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम. हात असा की गिऱ्हाइकं दोन दोन दिवस थांबायची, पण गाडी दुसऱ्याकडे नेत नसत. आता तोच माणूस हॉर्न आणि बल्ब सोडून कशाला हात लावत नव्हता. गाडी चालता चालता बंद पडली म्हणजे वायरिंग आलं, आणि वायरिंग म्हणजे आपण, हा हिशेब त्याच्या डोक्यातून जाता जात नव्हता. शेवटी बायकोला त्याने सांगून टाकलं, "रविवारी उघडून बघतो. माझी चूक निघाली तर दुकानाला कुलूप."

रविवारी सकाळी त्याने ताडपत्री ओढली. नवी बॅटरी घातली, टाकीतलं शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं आणि आत बसला. सीट पार मागे सरकवलेली होती, कारण धाकटा लांबच लांब पायांचा. थोरल्याचे पाय धड पोचेनात, पण सीट पुढे घ्यायला त्याचा हात धजावेना. तसाच काठावर बसून त्याने किल्ली अर्धी फिरवली.

मागून पेट्रोलच्या पंपाची गुणगुण आली. दोन सेकंद, आणि थांबली. इथे धाकटा नेहमी एक बोट वर करायचा आणि म्हणायचा, "ऐक दादा, जागी झाली." थोरल्याने चक्क वळून मागच्या सीटकडे पाहिलं. मागे कोण असणार? स्वतःलाच एक शिवी हासडून त्याने किल्ली पुढे फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही कुरबूर नाही. तापमानाचा काटा हळूहळू चढत होता. मधल्या खुणेच्या पुढे गेला तसा रेडिएटरचा पंखा घरघरत सुरू झाला, आणि इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

पंखा तेवढा चालू राहिला. स्टिअरिंग धरून थोरला तो आवाज ऐकत बसला. त्या दिवशीही असंच झालं असणार. गाडी थांबली, पंखा घरघरतोय, मागून हॉर्न वाजतायत. धाकट्याने शेवटचं ऐकलं ते हेच. मग दार उघडून तो उतरला. थोरल्याने किल्ली बंद केली.

"काही कळलं?" शेडच्या दारात बाबा चहाचा कप घेऊन उभे होते. ते कधी आत येत नसत.

"बघतोय."

"नसेल कळत तर राहू दे. भंगारात देऊन टाकू."

हे ते वर्षभर म्हणत होते. थोरल्याने कप घेतला, बाजूला ठेवला आणि विसरला.

आता मात्र त्याच्यातला कारागीर जागा झाला. गाडी बंद ठेवून त्याने पंप एकटा चालवला, ठणठणीत. पंखा एकटा चालवला, तोही ठणठणीत. दोन्ही एकदम चालवले आणि पंपाला मीटर लावला, तर बारा व्होल्टचा आकडा धाडकन पाचावर आला. म्हणजे पंख्याच्या आणि पंपाच्या विजेची बॅटरीकडे परतायची वाट कुठेतरी एक झाली होती. पण ती त्याने वेगवेगळी ठेवली होती! पंपाची बारीक काळी वायर थेट बॅटरीला, पंख्याची जाड काळी वायर हेडलाइटजवळच्या पत्र्यातल्या बोल्टला. ठेवली होती ना? वर्षभर स्वतःला आरोपी करून ठेवलेल्या माणसाला स्वतःची साक्षही खरी वाटेना. त्याने वाकून बोल्ट चाचपला. बोल्ट नव्हता. तुटलेलं बूड तेवढं होतं.

पंख्याची वायर बोटांनी चाचपत तो बॅटरीच्या खाली गेला. तिथे टेप लागली. अजून गरम होती, वितळून चिकट झालेली. त्याने ती ब्लेडने सोलली आणि आतला जोड उजेडात धरला. पंख्याची जाड वायर पंपाच्या बारीक वायरीला जोडलेली होती.

जोड त्याचा नव्हता. तो कथिलाने झाळल्याशिवाय वायर सोडत नसे. धाकट्याचाही नव्हता, धाकटा कसेतरी दोन पीळ द्यायचा आणि म्हणायचा, चालतंय की. हा जोड देखणा होता. एका वायरीचे दुसरीवर सात घट्ट वेढे, दुसरीचे पहिलीवर सात, टोकं अशी छाटलेली की बोट फिरवलं तरी टोचू नये. असा जोड द्यायला बाबांनी लहानपणी दोघांना मागच्या पायरीवर बसवून शिकवलं होतं. टेलिफोन खात्यात ते तीस वर्षं लाइनमन होते. टेलिफोनच्या तारेत वीज ती किती, नावापुरती. तिथे असा जोड जन्मभर टिकतो. पण पंख्याचा सगळा भार त्या बारीक वायरीवरून जायला लागल्यावर तो तापून तापून काळा ठिक्कर पडला होता.

सुटलो, हे थोरल्याच्या मनात पहिल्यांदा आलं. वर्षभराचं ओझं उतरलं आणि त्याला अक्षरशः हलकं वाटलं. मग आपल्या हातात काय आहे ते ध्यानात आलं, आणि त्या हलकेपणाची त्याला इतकी लाज वाटली की तो जमिनीवरच बसला.

बऱ्याच वेळाने उठून त्याने पकडीने जोड कापला आणि खिशात टाकला. नवा बोल्ट बसवला, जाड वायर त्याला लावली, पंपाची बारीक वायर झाळून परत बॅटरीला जोडली आणि गाडी सुरू केली. काटा चढला, पंखा लागला. इंजिन हूं की चूं न करता चालत राहिलं. एका बोल्टचं काम होतं. त्याने गाडी बंद केली.

मागच्या पायरीवर बाबा बसले होते. "सापडलं?"

"पंपच खराब होता," थोरला म्हणाला. ठरवून आला होता. "आपल्या हातात काही नव्हतं, बाबा."

बाबांनी वर पाहिलं नाही. "पंप चांगला होता," ते म्हणाले. "बोल्ट तुटला होता. तू कामासाठी बाहेर होतास, त्याला सकाळी निघायचं होतं. म्हणाला, दादाला फोन करून विचारतो. मीच म्हटलं, एवढ्यासाठी कशाला त्याला त्रास, मी देतो जोड."

थोरल्याचा एकदम संताप उसळला. "तुम्हाला माहीत होतं? मी रोज तुमच्यासमोर बसून म्हणायचो, माझं चुकलं, माझ्या वायरीने मारला त्याला. आणि तुम्ही ऐकून घेत होतात?"

"ऐकत होतो."

"वर्षभर?"

"रोज ठरवायचो, उद्या सांगतो."

ओल्या हातांनीच आई बाहेर आली. "गाडीचा आवाज आला मला," ती थोरल्याला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीतीही होती आणि आशाही. "काय निघालं रे? तुझं नव्हतं ना?"

"माझं नव्हतं, आई."

ती मटकन खाली बसली आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली. "मी म्हणतच होते. मी म्हणत नव्हते?" मग डोळे पुसून तिने विचारलं, "मग काय झालं होतं?"

पंप खराब होता, एवढं म्हटलं की संपलं असतं. शब्द थोरल्याच्या ओठांवर आले होते. त्याने बाबांकडे पाहिलं, आणि तो गप्प राहिला.

"जोड माझा होता," बाबा म्हणाले.

"कसला जोड?" आईला काहीच कळेना. मग बाबांना ते तिला पहिल्यापासून सांगावं लागलं: बोल्ट कसा तुटला, धाकटा काय म्हणाला, ते स्वतः काय म्हणाले. थोरला तिथून उठून गेला नाही. पण त्या दोघांकडे बघणं मात्र त्याला जमलं नाही.