चौदा नंबरचा पेला

बुधवारी दुपारी बाबा मला बागेच्या टोकाला घेऊन गेले आणि बुटाने एक बुंधा दाखवत म्हणाले, "हा बघ. गेलं झाड एकदाचं."

तिथे रानटी नाशपतीचं झाड होतं. त्याची फळं लिंबाएवढी, चावली की तोंड आवळून यायचं. सफरचंदं दळताना दहा टोपल्यांमागे एक टोपली या नाशपतींची, असं बाबांचं वर्षानुवर्षांचं माप. त्याशिवाय सायडरला, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या दारूला, कणा येत नाही, म्हणायचे. आता तिथे लाकडाचा ताजा पिवळट गोल होता आणि गवतात भुसा.

"का तोडलंत?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"चिठ्ठीत होतं ना. गेल्या हंगामात ही फळं घातलीच नाहीत. मग झाड तरी कशाला ठेवायचं? सावली पडते नुसती."

ती चिठ्ठी रसाच्या खोलीत, दाबयंत्राच्या वर खिळ्याला अडकवलेली होती. दीड वर्षापूर्वीच्या स्पर्धेतली. त्या स्पर्धेत पेल्यांना नावं नसतात, नंबर असतात. शेरा टाइप होऊन, परीक्षकाच्या नावाशिवाय, सायडर बनवणाऱ्याच्या घरी येतो. बाबांचा नंबर चौदा. शेरा तीन वाक्यांचा: नाकाला ओल्या पोत्याचा वास. शेवट अकारण तुरट. बनवणाऱ्याचा फळावर विश्वास दिसत नाही.

तो मी लिहिला होता.

वाईन आणि सायडर चाखून त्यांच्याविषयी लिहिणं हा माझा व्यवसाय आहे. मला चकित करायचं म्हणून बाबांनी न सांगता स्पर्धेला बाटल्या पाठवल्या होत्या, आणि त्या वर्षी मी परीक्षक आहे हे मी घरी बोलले नव्हते. चौदा नंबरचा पेला नाकाशी नेला आणि मला आमचा माळा दिसला. पेंढ्यावर पसरलेली, अंगठ्याने दाबली तर खड्डा पडेल इतकी पिकलेली सफरचंदं, आणि त्यांच्या मागे ती नाशपती. ओळखीचा पेला आला तर हात वर करायचा आणि तो बाजूला ठेवायचा, असा नियम आहे. मी हात वर करणारही होते. तेवढ्यात मुख्य परीक्षकांनी तो गढूळ पेला उजेडात धरला आणि म्हणाले, "हे कुणी मोज्यातून गाळलंय की काय?"

सगळे हसले. मीही हसले.

त्यानंतर हात वर करणं म्हणजे तो मोजा माझ्या वडिलांचा आहे, हे चारचौघांत सांगणं. मी पेन उचललं. तिसरं वाक्य लिहून झाल्यावर ते मला आवडलंसुद्धा होतं. ही गोष्ट मी स्वतःपासूनही बरेच दिवस लपवली.

बुधवारी बागेतून परत आलो तेव्हा आत्या फडकी धूत होती. ती बाबांची धाकटी बहीण. दाबयंत्राचा दांडा ओढण्यात तिचा अर्धा जन्म गेला.

"दाखवलंस का लेकीला आपलं शौर्य?" ती बाबांना म्हणाली. "कुठल्या तरी नाकाने कांदे सोलणाऱ्या मेल्याने तीन ओळी खरडल्या आणि यांनी कुऱ्हाड उचलली."

"मेला म्हणू नको गं. तीन ओळींत इतकं नेमकं लिहायला माणूस वाचणारा लागतो. आपल्या हिच्यासारखा."

"ही असं लिहिणार नाही. हिला जनाची नाही तरी मनाची आहे."

मी फडकी पिळायला घेतली.

बाबांनी नवा सायडर ओतला. पारदर्शक, फिकट, काचेसारखा. हिरवं सफरचंद, थोडी लिंबाची साल, आणि मग काहीच नाही. गिळला की संपला. बाबा पेल्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कसा आहे?"

"छान."

"छान म्हणजे? तुझ्या भाषेत सांग ना."

एका घोटावर मी पानभर लिहिते. "स्वच्छ आहे," मी म्हणाले.

"स्वच्छ," ते म्हणाले, नवा शब्द पाठ करावा तसं. मग आत्याकडे वळून, "ऐकलंस? स्वच्छ."

"पाणीपण स्वच्छच असतं," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बागेत जायला निघाले. एक बूट पायात होता, दुसरा हातात, आणि ते बाकावरून उठलेच नाहीत. हृदय, डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसेल, असंही म्हणाले.

तीन आठवड्यांनी मी आणि आत्या रसाची खोली आवरायला बसलो. जुन्या, नाशपतीच्या सायडरच्या अकरा बाटल्या उरल्या होत्या. तसा आता पुन्हा होणार नव्हता. आत्याने एक उघडली, दोन पेले भरले आणि खिळ्यावरची चिठ्ठी काढली. कोपरे अंगठ्याने मळले होते. तिसऱ्या वाक्याखाली बाबांनी पेन्सिलीने रेघ मारली होती, आणि समासात त्यांच्या वाकड्या अक्षरात: विचार करणे.

"एक बाटली या परीक्षकाला पाठवायची," आत्या म्हणाली. "सोबत दोन ओळी. 'तुझं मन राखायला ज्याने झाड तोडलं, तो माणूस गेला.' बस्स. शिवी नाही, काही नाही. तुझी तिथे ऊठबस आहे, तेवढं नाव काढून दे."

"नावं गुप्त असतात, आत्या."

"तुला कोण नाही म्हणेल, शहाणे? एक फोन तर करायचा." तिने चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. "आधी पी. तुझ्या बापाने केलाय."

मी प्यायले. माळ्यावरचा पेंढा होता, ज्याला मी ओलं पोतं म्हटलं होतं. पिकून मऊ झालेल्या सफरचंदाचा गोडवा होता, आणि तो आता ओघळणार असं वाटत असतानाच नाशपतीचा तुरटपणा येऊन त्याला सावरत होता. घोट गेल्यावरही जिभेच्या दोन्ही कडांना तो कितीतरी वेळ राहिला. अकारण काही नव्हतं.

मी फोन करते म्हणाले असते, पुढे विसरले असते, तर आत्याने दोनदा विचारलं असतं आणि सोडून दिलं असतं. ती पेल्यावरून माझ्याकडे बघत होती. बाबांसारखीच, तोंडाकडे.

"काय गं?" ती म्हणाली. "तुरट लागला?"

"आत्या, फोन नको करायला. ती चिठ्ठी मी लिहिली. पेला बाबांचा आहे हे मला वास घेताच कळलं होतं. सगळे हसले आणि मला बाबांची लाज वाटली, म्हणून लिहिली. त्या दिवशी टेबलावर सत्तावीस पेले होते. सगळ्यांत चांगला हाच होता."