रिकामा रकाना

हॉस्पिटलात वॉर्डचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम ताईने लिहिलेला आणि फार्मसीचा तिच्या धाकट्या भावाने. सख्खी भावंडं एका डब्यात जेवायची, पण त्यांचे प्रोग्रॅम मात्र एकमेकांना ओळख देत नव्हते. सिस्टर औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिने चढून-उतरून मेटाकुटीला आल्या होत्या. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, "आज दोन्ही जोडून दाखवा. नाहीतर दोन्ही काढून बाहेरचा आणतो."

ताईचा जीव स्वतःच्या प्रोग्रॅमपेक्षा धाकट्याच्या प्रोग्रॅमसाठी तुटत होता. आयुष्यभर धरसोड करणाऱ्या त्या पठ्ठ्याने तडीस नेलेलं हे पहिलंच काम होतं.

चाचणी फार्मसीत झाली. सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा सकाळीच अर्धवट शुद्धीत दाखल झाले होते. त्यांच्यासाठी वॉर्डात लिहिलेलं इंजेक्शन क्षणात धाकट्याच्या पडद्यावर उमटलं. खाली ओळ होती, 'अॅलर्जी: नाही'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठे डॉक्टरसुद्धा हसले, आणि ते काही रोज हसणारे नव्हेत.

ताईने मात्र शेजारी उघडलेला आपला वॉर्डचा पडदा पाहिला. त्यावर अॅलर्जीचा रकाना रिकामा होता. गप्प बसून नंतर दुरुस्त करता आलं असतं, पण तोवर इंजेक्शन वर वॉर्डात गेलं असतं.

"थांबवा ते," ती म्हणाली. "अॅलर्जी नाही, हे कुठून आलं?"

"रकाना रिकामा आहे ना? मग नाही," धाकटा म्हणाला.

"अरे, माझ्याकडे रिकामा म्हणजे अजून विचारलेलंच नाही."

तीन महिने दोघं समोरासमोर बसून खपली होती. तारखा जुळवल्या, औषधांची नावं जुळवली. रिकाम्या रकान्याबद्दल बोलावं असं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"चूक कोणाची?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"माझी," धाकटा म्हणाला.

"काहीतरीच काय बोलतोस? मी सांगितलं होतं का तुला?" ताई त्याच्यावरच उखडली.

"विचारायला मला काय धाड भरली होती?"

"भांडण नंतर करा," डॉक्टर वैतागले. "आधी त्या माणसाला जाऊन विचारा."

दोघं धापा टाकत वर पोचली. आजोबा आता नीट शुद्धीवर होते.

"आजोबा, कुठलं औषध सोसत नाही का तुम्हाला?" धाकट्याने विचारलं.

"पेनिसिलिन. मागे एकदा मरता मरता वाचलोय."

खाली थांबवलेलं इंजेक्शन तेच होतं. स्टूल ओढून धाकटा आजोबांजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "आणखी काही असेल तर तेही सांगा. मला घाई नाही."

मोठे डॉक्टर मागोमाग येऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि ताईला म्हणाले, "दुरुस्तीला आठवडाभर घ्या. बाहेरचा कोणी इथवर धावत आला नसता."

ताईने धाकट्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. घातला नसता, तर तिथेच रडली असती.