दोन सायकलींची हवा

प्रीतमने पंपाची नळी मागच्या चाकाला लावली आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. पुढच्या चाकाला वीस, मागच्याला वीस, असं त्याचं ठरलेलं होतं. पहाटेचे पाच वाजले होते आणि अमरावतीच्या थंडीत, मोठ्या बहिणीच्या, वच्छलाताईच्या अंगणात, पंपाची दांडी हाताला बर्फासारखी लागत होती. विसावर तो थांबला. भिंतीला टेकवलेल्या दीक्षाच्या सायकलीकडे वळून त्याने तिचं पुढचं चाक अंगठ्याने दाबलं. चाक आत गेलं. त्याने उजेड असलेल्या खिडकीकडे एकदा पाहिलं, नळी गुंडाळली आणि पंप पिशवीत ठेवून दिला.

"झालं का तुह्यं?" त्याने खिडकीकडे तोंड करून विचारलं.

आतून दीक्षाचं नुसतं "हं" आलं.

आपण काही हवा काढली नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. म्हणजे काल काढली होती, पण ती दोन्ही सायकलींची. त्याचे वडील अकोटहून एसटीच्या टपावर सायकल टाकायचे तेव्हा उन्हाने ट्यूब फुटू नये म्हणून आधी थोडी हवा सोडायचे. आता अकोल्याहून अमरावतीला सायकली स्वतःच्या गाडीमागे बांधून येत होत्या आणि महिना जानेवारीचा होता, तरी प्रीतम हवा सोडायचाच. मुक्कामी पोचल्यावर ती भरायचाही तोच. आज त्याने एकीची भरली आणि दुसरीची भरली नाही, एवढाच काय तो फरक. एवढ्याशा फरकाने त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

खरं सांगायचं तर प्रीतम तायडे बायकोवर जळत होता. हे त्याला कळत होतं आणि कळत असल्यामुळे तो आणखीच चिडत होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्या घरात पोहणं, सायकल आणि धावणं हे तिन्ही प्रांत त्याचे होते. काचेच्या कपाटात त्याची तीन पदकं होती. जठारपेठेतला किराणावाला त्याला सामान देताना आज किती किलोमीटर झाले ते विचारायचा. मग चिखलदऱ्याचा घाट उतरताना वळणावर सायकल घसरली आणि डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं. एकट्याला पाण्यात सोडू नका, असंही सांगितलं.

तेव्हा दीक्षा पाण्यात उतरली. शाळेत गणित शिकवणारी, बेचाळीस वर्षांची, पोहायला अजिबात न येणारी दीक्षा छातीभर पाण्यात त्याचं कोपर धरून रोज सकाळी चालायची. तो चालता चालता थकला की काठाशी टेकायचा, आणि तेवढ्या वेळात ती हातपाय मारून बघायची. चार महिन्यांनी प्रीतम नीट चालायला लागला आणि दीक्षा पोहायला. जलतरण तलावावरचे प्रशिक्षक खुशालराव त्याच्या शेजारी उभे राहून म्हणाले होते, "सर, मॅडमचा हात पाहा पाण्यात. असा हात शिकवून येत नाही." प्रीतम हसला होता. किराणावाला आता मॅडमचे किलोमीटर विचारायचा.

म्हणून या वर्षी त्याने अमरावतीच्या ट्रायथलॉनचे दोघांचे फॉर्म भरले, छोट्या अंतराच्या हौशी गटात. साडेसातशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धाव. नुसती मजा म्हणून, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. इतक्यांदा सांगितलं की वच्छलाताईने काल जेवताना विचारलं, मजाच आहे तर मग तू असा गप्प का बसलास?

तलावावर पोचल्यावर सायकली दांडीला लावून झाल्या, टॉवेल अंथरून झाले, दंडावर मार्करने नंबर लिहून झाले. जुनी मंडळी भेटली, तो त्यांच्यात जाऊन गुडघ्याची हकिगत सांगत उभा राहिला. दीक्षा मागे सायकलींपाशी काहीतरी खुडबुड करत राहिली. शिट्टी झाली तेव्हा ती त्याच्या बाजूला येऊन उभी होती, पिवळी टोपी कानांवर ओढून.

"दमानं जा," ती म्हणाली.

तो दमाने गेला नाही. तरी पन्नास मीटरवर पिवळी टोपी त्याच्या पुढे होती आणि शंभरावर ती इतर टोप्यांत मिसळली. पाण्यात श्वास घेताना त्याने हिशेब केला. ती चार मिनिटं आधी बाहेर निघेल. पण निघून जाणार कुठे? पट्टा आहे ना.

हा पट्टा म्हणजे गुडघ्यावर घालायचं एक धूड होतं, दोन्ही बाजूंना लोखंडी बिजागऱ्या आणि बांधायला चार बंद. उलटा बसला तर बिजागरी हाडावर घासते, बंद मागेपुढे झाले तर तो शंभर पावलांत खाली घसरतो. सव्वा वर्ष रोज सकाळी दीक्षा जमिनीवर बसून तो बांधत आली होती आणि प्रीतम तेवढ्या वेळात फोन बघायचा. अकोल्यात सराव करतानाही ती पाण्यातून आधी निघायची आणि पट्टा हातात घेऊन थांबायची. तिचं ते थांबणं त्याला झोंबायचं. आज मात्र त्याने ते हिशेबात धरलं होतं. चार मिनिटं थांबण्यात जातील, उरलेलं काम चाकं करतील.

तो धापा टाकत सायकलींपाशी पोचला तेव्हा दीक्षाची जागा रिकामी होती. दांडीवर तिची पिवळी टोपी ठिबकत होती.

क्षणभर त्याला रडूच यायचं बाकी राहिलं. मग राग आला. मग त्याने टॉवेलावरचा पट्टा उचलला आणि त्याला दिसलं की वरच्या काठाला लाल दोऱ्याने बाण शिवला आहे. बंदांवरही टाके होते. एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर चार. काल गाडीत ठेवताना पट्ट्यावर यातलं काही नव्हतं. बाण वर करून त्याने पट्टा गुडघ्यावर ठेवला आणि एक, दोन, तीन, चार असे बंद ओढले. बिजागरी बरोबर जागेवर बसली. याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

चांदूर रेल्वेच्या रस्त्याला लागल्यावर तो प्रत्येक चढावर तिला शोधत होता. मऊ चाकांनी चढ चढणं म्हणजे चिखलातून पोतं ओढणं, त्यामुळे ती इथेच कुठेतरी घामाघूम होऊन सापडेल, असं त्याला वाटत होतं. सापडली की काय करायचं हे मात्र त्याला सुचत नव्हतं. सकाळपासून पहिल्यांदाच, ती न सापडली तर बरं, असंही वाटून गेलं.

ती सापडली ती समोरून येताना. दहा किलोमीटरची खूण अजून त्याच्या पुढे होती आणि ती वळून परत निघाली होती, मान खाली घालून, पाय गोल फिरवत.

"गुडघा?" तिने जाता जाता ओरडून विचारलं.

"बरा हाये," तो म्हणाला, पण तोवर ती मागे गेली होती.

कमी हवेच्या चाकांवरही ती आपल्या पुढे आहे, हे त्याच्या डोक्यात शिरलं आणि उरलेले अकरा किलोमीटर तिथेच घोळत राहिलं. इतका हेवा त्याला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता, आणि इतकी शरमही. धावताना पट्टा एकदाही घसरला नाही. तो शेवटून सातवा आला.

दीक्षा कडुनिंबाखाली सायकल टेकवून बसली होती, गळ्यात पदक, हातात दह्यात भिजलेल्या गिल्या वड्याचा द्रोण. तिने दुसरा द्रोण त्याच्याकडे सरकवला. तिच्यापेक्षा अठरा मिनिटं मागे, हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. तो बसता बसता सायकलीशी वाकला आणि तिचं पुढचं चाक अंगठ्याने दाबलं.

चाक दगडासारखं कडक होतं.

"तुमी दोस्तायसंग बोलून राह्यले होते ना, तवा भरली," ती वडा तोडत म्हणाली. "दंड दुखून राह्यले माह्ये."

प्रीतम गुडघ्यावरचा चौथा बंद सोडू लागला. तो सुटेना.

"तुले कसं कळलं?"

"आतून मोजून राह्यली होती मी. दरवेळेस ऐंशी होतात. आज चाळीसवर थांबले तुमी."

त्याने मान वर केली नाही. समोर लाल दोऱ्याचे चार टाके होते, बारीक, एकसारखे, दिव्याच्या उजेडात सावकाश घातलेले.

"मंग तवाच काहून नाही बोलली?" त्याने विचारलं.

दीक्षाने हात पुसले, त्याचा हात बाजूला केला आणि अडकलेला बंद स्वतः सोडवला.

"दातात दोरा होता," ती म्हणाली.